वॉक सायकल करताना या चुका टाळा: पाय नंतर, कंबर आधी

माझी पहिली वॉक सायकल, म्हणजे अ‍ॅनिमेशनमधल्या पात्राच्या चालण्याची पुन्हा पुन्हा फिरणारी दोन पावलं, मी मोठ्या हौसेने एका सीनियरला दाखवली होती. त्याने लूप दोनदा बघितला आणि विचारलं, "हा चालतोय, की सरकत्या जिन्यावर उभं राहून पाय हलवतोय?" राग आला. घरी येऊन पुन्हा बघितलं, तर तसंच होतं. चार दिवस मी नुसते पाय घडवत बसलो होतो. कंबरेचा कंट्रोल, म्हणजे ती हलवायची मूठ, पहिल्या फ्रेमला जिथे होता, तिथेच शेवटपर्यंत.

आता रविवारी ठाण्यात आमच्या घरी दोन-तीन मुलं शिकायला येतात. त्यांच्या फायली उघडल्या की तेच आजार दिसतात, फक्त रिग, म्हणजे पात्राचा हलवता येणारा सांगाडा, वेगळी. म्हणून लक्षण आणि उपाय असं लिहितोय.

पात्र तरंगतं, वजनच वाटत नाही

सगळ्यात जास्त दिसणारा आजार हाच, आणि मुळाशी कंबर. चालणं म्हणजे पुढे पडता पडता स्वतःला सावरणं. पडतं ते धड, पाय फक्त धावत येऊन सावरतात. त्यामुळे धडाचा भार कुठल्या पायावर आहे हे आधी ठरवायला हवं.

आधी नेहमीचा हिशेब. २४ फ्रेम प्रति सेकंद धरा. मोठा माणूस सहज चालताना मिनिटाला साधारण ११० ते १२० पावलं टाकतो, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन. म्हणून एका पावलाला १२ फ्रेम आणि पूर्ण सायकलला २४. फ्रेम १ ला कॉन्टॅक्ट (पाय टेकतो), ४ ला डाऊन (शरीर खाली), ७ ला पासिंग (एक पाय दुसऱ्याला ओलांडतो), १० ला अप (शरीर वर) आणि १३ ला दुसऱ्या पायाचा कॉन्टॅक्ट. पाय टेकला की शरीर लगेच सर्वांत उंच नसतं, उलट डाऊनमध्ये ते सर्वांत खाली जातं, कारण गुडघा तो भार झेलतो. नवी मुलं डाऊन गाळतात किंवा कॉन्टॅक्टलाच सर्वांत खाली धरतात. मग पाय जमिनीला नुसता शिवल्यासारखा वाटतो.

आता ग्राफ एडिटर उघडा, जिथे हालचाल वक्र रेषांच्या म्हणजे कर्व्हच्या रूपात दिसते, आणि कंबरेचे दोनच कर्व्ह बघा. वर-खाली जाणाऱ्या कर्व्हला पूर्ण सायकलमध्ये दोन डोंगर हवेत, प्रत्येक पावलाला एक. डावी-उजवीकडे जाणाऱ्याला एकच लाट हवी, कारण भार एकदा डाव्या पायावर जातो आणि एकदा उजव्या. वर-खालीला एकच डोंगर असेल तर पात्र लंगडतं. कुठल्याही फाईलमध्ये मी सर्वांत आधी हीच तपासणी करतो; निम्मे रोग इथेच सापडतात. डोंगराची उंचीही जपून ठेवा. खऱ्या माणसाची कंबर चालताना साधारण चार-पाच सेंटिमीटरच वर-खाली होते. कार्टून पात्राला वाढवा, पण आधी एवढ्यावर चालवून बघा.

पासिंगच्या वेळी हवेत असलेल्या पायाच्या बाजूची कंबर किंचित खाली लोंबते. ही दोन-तीन अंशांची कल दिली नाही तर पात्र लाकडी दिसतं. वरून बघितलं तर पुढे गेलेल्या पायाबरोबर कंबर फिरते आणि खांदे तिच्या उलट. खांदे-कंबर एकाच दिशेने फिरवलेले मी इतके बघितलेत की आता त्याचं नवल वाटत नाही.

भार म्हणजे काय, हे मला जांभळी नाक्याला कळलं. मंडईतून एक बाई उजव्या हातात भाजीची भरलेली पिशवी घेऊन चालली होती. धड डावीकडे कललेलं, उजवा खांदा खाली, डावा हात अंगापासून लांब, पावलं आखूड. मध्येच थांबून तिने पिशवी डाव्या हातात घेतली, आणि सगळं अंग आरशात दिसावं तसं पालटलं. पावलं मात्र होती तशीच आखूड. त्या रात्री मी पायांची एकही की (ठरावीक फ्रेमला नोंदवलेली पोज) न लावता फक्त कंबर आणि धड हलवलं. पाय नसतानाही माणूस चालतोय असं वाटलं, तेव्हा कुठे पायांना हात घातला.

पाय घसरतो

एका जागी चालणाऱ्या सायकलमध्ये टेकलेला पाय मागे सरकतो, आणि तो एकसारख्या वेगाने सरकायला हवा. सॉफ्टवेअर मात्र दोन कींच्या मधला कर्व्ह आपोआप गोल करतं. सुरुवातीला हळू, मध्ये जोरात, शेवटी पुन्हा हळू. जमीन अशी सरकत नाही. टेकलेल्या भागाचा पुढे-मागेचा कर्व्ह लिनिअर, म्हणजे सरळ रेषेचा, करा. पाऊल ७२ सेंटिमीटरचं आणि १२ फ्रेमचं असेल तर पाय प्रत्येक फ्रेमला ६ सेंटिमीटर मागे जायला हवा, कमी नाही, जास्त नाही. तेच पात्र सीनमध्ये पुढे नेताना रूट (अख्खं पात्र हलवणारा कंट्रोल) देखील फ्रेममागे ६ सेंटिमीटरच सरकवा. हा आकडा मी मॉनिटरला चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवतो.

गुडघा टक्कन सुटतो

आयके पाय असेल (पाऊल हलवलं की गुडघा आपोआप वळतो तो) आणि कंबर घोट्यापासून जरा जास्त लांब गेली, की पाय पूर्ण ताणला जातो आणि एकाच फ्रेममध्ये गुडघा सरळ होतो. बहुतेक जण गुडघ्याची दिशा ठरवणारा पोल कंट्रोल हलवत बसतात. तो नका हलवू. कंबर थोडी खाली आणा, नाहीतर मागच्या पायाची टाच एक-दोन फ्रेम आधी उचला. बाण दाबत एकेक फ्रेम पुढे जा. झटका नेमका कुठे आहे हे प्लेबॅकमध्ये कधीच दिसत नाही.

हात

हात एफके ठेवा, म्हणजे खांदा, कोपर, मनगट एकेक करून फिरवा. आयकेमध्ये पंजा सरळ रेषेत जातो, तर हाताला कंस हवा. कोपर खांद्याच्या एक-दोन फ्रेम मागे, मनगट त्याच्याही मागे. आणि डावा-उजवा हात एकाच फ्रेमला टोकाला पोचत असेल, तर एकाची वेळ किंचित सरकवा, नाहीतर कवायत वाटते.

लूपला उचकी लागते

फ्रेम १ आणि २५ वर तीच पोज असते, ती असायलाच हवी. पण प्ले करताना १ ते २४ च चालवा. २५ धरली तर तीच पोज दोनदा येते आणि दर सेकंदाला उचकी. तरीही झटका राहिला तर दोन्ही टोकांना कर्व्हचा उतार सारखा आहे का बघा, आणि ब्लेंडर सॉफ्टवेअरमध्ये सायकल्स मॉडिफायर (कर्व्ह पुन्हा पुन्हा चालवणारी सोय) लावा. मनगट मागे सरकवायच्या आधी लावला तर बरं.

रेफरन्स बघूनही चुकतं

मोबाईलचं व्हिडिओ बहुतेक वेळा ३० फ्रेमचं असतं. ते २४ च्या टाइमलाइनवर फ्रेमला फ्रेम लावून पोज उतरवल्या, तर १२ फ्रेमचं पाऊल १५ चं होतं आणि पात्र पाण्यात चालल्यासारखं दिसतं. व्हिडिओ आधी २४ ला बदलून घ्या किंवा आकडे हिशेबाने कमी करा. फोन हातात धरून माणसाच्या मागे पळू नका. कंबरेच्या उंचीवर, लांब, एका जागी टेकवून ठेवा.

अनोळखी लोकांचं शूटिंग करू नका, डोळ्यांनी बघा. ठाण्यातल्या तलावपाळीला, तळ्याकाठी, सकाळी फेऱ्या मारणारे उपयोगाचे नाहीत, ते सगळे व्यायामाच्या तालात असतात. संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनच्या पुलावरही उपयोग नाही. तिथे कुणाला पूर्ण पाऊल टाकायला जागाच नसते. दुपारी तीन-चारला रिकाम्या फलाटावर लोक जसे चालतात, तसे बघा.

शूटिंग घरच्यांचंच करा, पण आधी सांगू नका. मी आईला म्हटलं, "आई, गेटपर्यंत चालून दाखव ना." ती शाळेच्या परेडसारखी हात ताठ करून चालली आणि मध्येच हसत बसली. शेवटी फोन कुंडीला टेकवून ठेवला आणि तिला खाली दूध आणायला पाठवलं. येताना पिशवी एका हातात, दुसऱ्या हाताने साडीच्या निऱ्या जरा वर धरलेल्या, आणि उजव्या पायावर किंचित कमी भार, तिचा जुना गुडघा. माझ्या रीलमधली, म्हणजे कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओमधली, दुसरी सायकल तीच आहे.