विंडो आणि आयफ्रेमवर जावास्क्रिप्ट चालवताना या चुका टाळा

एका पानावरून दुसऱ्या विंडोतलं किंवा आयफ्रेममधलं (पानाच्या आतच बसवलेलं दुसरं पान) काही बदलायचं म्हटलं तर कोड असतो जेमतेम तीन ओळींचा, पण फसला की बऱ्याचदा धड एररही येत नाही, नुसता नल, म्हणजे ‘काहीच नाही’, हातात पडतो. त्यामुळे नवी विंडो उघडणाऱ्या विंडो.ओपनने काय परत दिलंय ते आधी बघा, मगच पुढचं लिहा.

नल यायचं नेहमीचं कारण म्हणजे पॉपअप ब्लॉकर. युजरने बटण दाबलं, तुम्ही आधी सर्व्हरकडे डेटा मागितला, अवेट करत, म्हणजे वाट बघत बसलात आणि उत्तर आल्यावर विंडो उघडायला गेलात, तर तोवर ब्राउझरच्या लेखी तो क्लिक शिळा झालेला असतो. सफारी तर यात फारच कडक. गंमत म्हणजे लोकल मशीनवर उत्तर झटकन येतं म्हणून सगळं चालतं आणि लाइव्ह गेल्यावर बोंब होते. क्लिक हँडलरच्या पहिल्याच ओळीत रिकामी विंडो उघडा, तिचा रेफरन्स धरून ठेवा, डेटा आला की लोकेशनमध्ये पत्ता भरा, झालं.

विंडो उघडली तरी नलच? मग तिसऱ्या पॅरामीटरमध्ये कुणीतरी नोओपनर (दोन विंडोंमधला दुवा तोडणारा पर्याय) टाकलेलं असणार. तसंच टार्गेट ब्लँकवाल्या लिंकमधून उघडलेल्या टॅबला विंडो.ओपनर (उघडणाऱ्या पानाचा रेफरन्स) मिळत नाही, क्रोममध्ये ८८ व्या आवृत्तीपासून म्हणजे २०२१ पासून नोओपनर आपोआप लागतं, फायरफॉक्स-सफारीतही तसंच आहे. खरंच ओपनर हवा असेल तर लिंकच्या रेल या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ओपनर लिहावं लागतं.

आयफ्रेममध्ये घाई नडते. एसआरसी, म्हणजे आतल्या पानाचा पत्ता, दिल्याबरोबर आतल्या डॉक्युमेंटमध्ये काही लिहिलं तर ते बहुतेक वेळा सुरुवातीच्या रिकाम्या पानात जातं, खरं पान आलं की गायब, आणि कन्सोल मात्र चिडीचूप. लोड इव्हेंटची वाट बघा.

लोड होऊनही कंटेंटडॉक्युमेंट (आयफ्रेममधलं डॉक्युमेंट) नल असेल तर ओरिजिन तपासा. प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट तिन्ही जुळले पाहिजेत, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला पत्ता म्हणजे दोन वेगळे ओरिजिन. इथे जुगाड शोधत बसू नका, सरळ एका पानातून दुसऱ्याला मेसेज पाठवणारं पोस्टमेसेज वापरा.

आता पोस्टमेसेजमध्येच लोक सगळ्यात जास्त गोंधळ घालतात! दुसरा पॅरामीटर म्हणजे मेसेज ज्याला पाठवायचाय त्याचा ओरिजिन, पण बरेच जण तिथे स्वतःचाच देतात, मग मेसेज पोचत नाही आणि ट्राय-कॅचमध्येही काही सापडत नाही, कारण एक्सेप्शन येतच नाही. वैतागून स्टार (म्हणजे कुठलाही ओरिजिन चालेल) टाकला की चालतं खरं, पण त्या फ्रेममध्ये उद्या दुसरंच पान उघडलं तर तुमचा टोकन (मेसेजमधली गुप्त खूण) त्याच्या हातात. घेणाऱ्या बाजूला इव्हेंट.ओरिजिन पूर्णच्या पूर्ण जुळवा, तेही शेवटच्या स्लॅशशिवाय, कारण ओरिजिनमध्ये तो नसतो. स्टार्ट्सविथ वापरून नुसती सुरुवात जुळवलीत तर तुमच्या डोमेनपुढे डॉट देऊन आपलं डोमेन चिकटवणारा कुणीही आत येईल.

आणि इव्हेंट.ओरिजिनमध्ये नल ही स्ट्रिंग दिसली तर आयफ्रेमचा सँडबॉक्स (आतल्या पानावर घातलेली बंधनं) बघा, त्यात अलाऊ-सेम-ओरिजिन नसेल. आतलं पान तुमच्याच ओरिजिनचं असेल तर अलाऊ-सेम-ओरिजिन अलाऊ-स्क्रिप्ट्ससोबत देऊ मात्र नका, आतली स्क्रिप्ट सँडबॉक्स स्वतःच काढून टाकू शकते.