जॉब शेड्युलर सारखा पडतोय? रिपीट इंटरव्हलच्या या चुका टाळा

जॉब शेड्युलर, म्हणजे ठरलेली कामं (जॉब) ठरावीक वेळी चालवणारा प्रोग्रॅम, पडला की पहिला हात जातो रीस्टार्टकडे. पण चुकीचा इंटरव्हल (जॉब किती वेळाने पुन्हा चालवायचा तो आकडा) डेटाबेसमध्येच बसलेला असेल, तर उठल्या उठल्या शेड्युलर तीच नोंद वाचतो आणि पुन्हा आडवा होतो. कुबरनेटिस (पडलेले प्रोग्रॅम आपोआप उठवणारी यंत्रणा) त्याला इमानेइतबारे परत उठवत राहतं, आणि एका जॉबपायी बाकीचे सगळे जॉब तुंबतात. म्हणून पडण्याच्या आधीच्या लॉगच्या ओळी बघा, जॉब शोधा, त्याची नोंद बंद करा आणि मगच सर्व्हिस चालू करा. नोंद डिलीट मात्र करू नका. चूक कुठून आली याचा पुरावा तिथेच असतो.

शून्य आलं कुठून?

गो भाषेत न्यूटिकरला (ठरावीक वेळाने ठोका देणारं फंक्शन) इंटरव्हल म्हणून शून्य किंवा ऋण कालावधी दिला की पॅनिक (प्रोग्रॅम थांबवणारी एरर) होतं, आणि ते सावरलं नाही तर अख्खी प्रोसेस जाते. जावाचं शेड्यूलॲटफिक्स्डरेट अशा वेळी एक्सेप्शन फेकतं. आता शून्य कोणी मुद्दाम लिहीत नाही. सेकंदांची मिनिटं करताना पूर्णांकात ३० भागिले ६० केलं की ते आपोआप येतं. नाहीतर नव्या सर्व्हरवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सर्व्हरवरची सेटिंग) सेट करायचं राहून गेलेलं असतं.

आपल्याकडची खास भानगड वेगळीच. सेटिंगच्या रकान्यात कोणी मराठी कीबोर्डवरून ‘५’ टाइप केलं तर? पायथनचं इंट आणि जावाचं पार्सइंट ते बिनतक्रार पाच समजतात. जावास्क्रिप्टचं नंबर नॅन (‘हा आकडाच नाही’) देतं. गोचं एटॉइ शून्य देतं आणि सोबत एररही देतं; ती न बघता पुढे गेलात की वरचं पॅनिक ठरलेलं. चाचणी करणाऱ्याचा कीबोर्ड इंग्रजी, त्यामुळे ही चूक टेस्टिंगमध्ये सापडतच नाही.

न पडणारा शेड्युलर जास्त महागात जातो

सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या सेटइंटरव्हलला नॅन, शून्य किंवा २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठा आकडा दिला, तर ते सरळ १ मिलिसेकंद धरतं. ही मर्यादा जेमतेम २४.८ दिवसांची. ‘दर ३० दिवसांनी’ म्हणून २,५९,२०,००,००० मिलिसेकंद लिहिलेत, तर महिन्यातून एकदा जायचं बिलाचं स्मरणपत्र ग्राहकाला धडाधड जायला लागतं. आकडा मर्यादेबाहेर गेल्याची वॉर्निंग येते म्हणा, पण वॉर्निंग वाचतो कोण! पायथनच्या एपीशेड्युलर ३ या लायब्ररीतही शून्याचा गुपचूप १ सेकंद होतो. माझं विचाराल तर धाडकन पडणारं गो परवडलं.

क्रॉनमध्ये, म्हणजे युनिक्सच्या शेड्युलरमध्ये, मिनिटांच्या रकान्यातलं */४५ म्हणजे दर ४५ मिनिटांनी नव्हे. जॉब दर तासाच्या ० आणि ४५ व्या मिनिटाला चालतो, म्हणजे मधलं अंतर एकदा ४५, एकदा १५. युनिक्सची पाच रकान्यांची ओळ क्वार्ट्झ या जावाच्या शेड्युलरमध्ये जशीच्या तशी चिकटवू नका, तिथे सुरुवातीला सेकंद लागतात. ३१ फेब्रुवारीला क्वार्ट्झ ‘हा कधीच चालणार नाही’ म्हणून नाकारतं. युनिक्स क्रॉन मात्र गप्प राहतं.

दुरुस्ती कुठे करायची?

जॉब सेव्ह होतानाच. आकडा खरंच आकडा आहे का, किमान-कमाल मर्यादेत बसतो का, हे तपासा आणि पुढच्या तीन वेळा काढून स्क्रीनवर दाखवा. */४५ चा घोळ तिथेच डोळ्यांना दिसतो. सुरू होताना प्रत्येक जॉब वेगळ्या ट्राय-कॅचमध्ये (एरर पकडणारा कोड) लोड करा, म्हणजे बिघडलेला एकटाच बाजूला पडेल. आणि ही तपासणी जुन्या नोंदींवरही एकदा चालवा, कारण सेव्हच्या वेळची तपासणी आधीपासून टेबलात असलेल्या नोंदींना हातही लावत नाही.