पॅनिक अटॅक: ओळखायचा कसा आणि त्या वीस मिनिटांत करायचं काय

ध्यानीमनी नसताना छाती धडधडायला लागते. श्वास पुरत नाही, तळहात घामेजतात, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, पोटात खड्डा पडतो. आजूबाजूचं सगळं काचेपलीकडे असल्यासारखं वाटतं आणि ‘आता मी मरणार’ किंवा ‘मला वेड लागतंय’ याची मनाला खात्रीच पटते. हा पॅनिक अटॅक. साधारण १० मिनिटांत तो शिगेला पोचतो आणि बहुतेक वेळा २० ते ३० मिनिटांत ओसरतो. काहींना तो गाढ झोपेतूनही उठवतो. दिवसभर पोखरणारी काळजी वेगळी. ती तासन्‌तास कमी-जास्त होत राहते, हा एकदम अंगावर येतो.

पहिल्यांदाच असं झालं असेल तर घरी बसून निदान करू नका. छातीवर दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, थंड घाम, चालताना किंवा जिना चढताना वाढणारं दुखणं, यातलं काही असेल तर थेट १०८ ला फोन करा. चाळिशी उलटलेली असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखू असेल तर आधी शंका हृदयाचीच धरा. ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पाजत बसल्यामुळे आपल्याकडे हार्ट अटॅकच्या पेशंटचा मोलाचा वेळ जातो. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना छातीत फारसं न दुखताही हार्ट अटॅक येऊ शकतो. एक ईसीजी नॉर्मल आला तरी डॉक्टर काही तास थांबवून तो पुन्हा काढतात, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) तपासतात. तेवढा वेळ थांबा. पुढे थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखरही पाहून घ्या, कारण थायरॉइड वाढलं किंवा साखर उतरली तरी अशीच धडधड होते. दम्याचा पंप, उपाशीपोटी घेतलेले तीन-चार कप चहा आणि जागरण यांनीही ती वाढते.

हृदय ठीक आहे हे कळल्यावर श्वासाचं गणित समजून घ्या, कारण निम्मी भीती तिथेच उतरते. अटॅकमध्ये हवा कमी पडते असं वाटतं, पण होत असतं उलटं. घाबरून माणूस भराभर श्वास घेतो, शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो आणि रक्तातलं संतुलन बिघडतं. त्यानेच डोकं हलकं होतं, मुंग्या येतात, कधी बोटं आखडून वाकडी होतात. म्हणून ‘मोठ्ठा श्वास घे’ हा सल्ला आगीत तेल ओततो. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावणंही सोडून द्या. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर ती पिशवी जिवावर बेतू शकते. चक्कर येऊन पडू, ही भीतीही सहसा खरी ठरत नाही. माणूस बेशुद्ध पडतो तो बहुतेकदा रक्तदाब एकदम घसरल्यावर; पॅनिकमध्ये तो उलट थोडा चढलेला असतो. रक्त किंवा सुई पाहून ज्यांना भोवळ येते त्यांची गोष्ट वेगळी.

अटॅक आला की शक्यतो आहात तिथेच थांबा. गाडी चालवत असाल तर बाजूला घ्या. आधी श्वास सोडा, मग नाकाने हळू घ्या: मनात चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. एक हात पोटावर ठेवा, हलायला हवं ते पोट. खांदे वर उचलले जात असतील तर श्वास अजून वरवरचाच चालला आहे. असं पाच मिनिटं करा. सहा जमत नसेल तर तीन आत, चार बाहेर चालेल; फक्त सोडायला वेळ जास्त लागू द्या. मग लक्ष बाहेर वळवा. तळवे जमिनीला कसे टेकलेत, समोरच्या खिडकीला गज किती आहेत, हातातली किल्ली किती गार आहे. मनात म्हणा, ‘हा पॅनिक आहे, चढलाय तसा उतरेल.’

इथे बरेच जण एक चूक करतात. दर अर्ध्या मिनिटाला नाडी किंवा घड्याळातले ठोके बघतात: थांबला का? अजून नाही? त्या तपासणीनेच धडधड टिकून राहते. अटॅक थांबवणं हे काम नाहीच, तो असताना तिथे टिकून राहणं हे काम आहे.

सोबत असाल तर गर्दी हटवा, समोर बसा, छोटी वाक्यं बोला: ‘मी इथेच आहे. माझ्याबरोबर श्वास सोड.’ कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. ‘मनाचे खेळ आहेत’ हे तर मुळीच म्हणू नका. त्या माणसाची छाती खरोखर धडधडत असते.

खरं नुकसान नंतर होतं. लोकलमध्ये अटॅक आला की माणूस लोकल टाळतो, मग बस, मग लिफ्ट, मग एकट्याने बाहेर पडणं. टाळल्याने सुटका होते म्हणून भीतीला वाटतं आपलंच खरं. त्यावर पायरीपायरीने परतणं हाच उपाय. आधी गर्दी नसलेल्या दुपारी स्लो लोकलने दादर ते माटुंगा, सोबत कुणी असताना. मग तेवढंच एकट्याने. मग कुर्ल्यापर्यंत, मग घाटकोपर, मग गर्दीची वेळ. शेवटी फास्ट लोकल, कारण तिथे मधेच उतरता येत नाही हीच खरी धास्ती असते. एकेक पायरी आठवड्यातून तीन-चार वेळा करा, आणि भीती वाटली म्हणून ठरलेल्या स्टेशनाआधी उतरू नका. दाराजवळच उभं राहणं, खिशातली ‘असू दे’ म्हणून ठेवलेली गोळी, हे टेकूही हळूहळू काढावे लागतात.

महिनाभर पुन्हा अटॅक येण्याची धास्ती राहिली किंवा जाणं-येणं बदललं, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या बोलून करायच्या उपचाराचा, चांगला उपयोग होतो. साधारण १० ते १४ बैठका लागतात. डॉक्टरांनी रोज घ्यायला गोळ्या दिल्या तर त्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे जातात आणि सुरुवातीचे काही दिवस अस्वस्थता थोडी वाढूही शकते. तिथेच अनेक जण त्या बंद करतात. तसं न करता डॉक्टरांना फोन करा. अल्प्राझोलाम ही झोपेच्या गोळीसारखी गुंगी आणणारी गोळी चटकन शांत करते, पण तिची सवय लागते. मेडिकलमधून परस्पर घेऊ नका, आणि रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका.

लगेच कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना शेवटच्या तीन-चार अटॅकची नोंद न्या: तारीख, वेळ, कुठे होता, आधी काय खाल्लं-प्यायलं होतं, किती मिनिटं चालला, आणि तेव्हा सगळ्यात जास्त भीती नेमकी कशाची वाटली.