फोटो सुधारताना आधी उजेड, मग रंग

मंगेशीच्या देवळासमोरच्या सात मजली दीपस्तंभाचा फोटो भर दुपारी काढला, की बहुतेक वेळा स्तंभाचा पांढरा रंग इतका उजळतो की कोनाड्यांच्या कडा दिसेनाशा होतात आणि सभोवतालच्या सावल्या काळ्याठिक्कर पडतात. असा फोटो उघडल्यावर अनेकांचा हात पहिल्यांदा सॅच्युरेशनच्या, म्हणजे रंगांचा गडदपणा ठरवणाऱ्या पट्टीवर जातो, कारण तिथे बदल चटकन दिसतो. उजेडाचा तोल साधण्याआधीच रंग वाढवले, तर आकाश निळीच्या पाण्यासारखे दिसू लागते आणि मूळ दोष तसाच राहतो. म्हणून आधी उजेड, मग रंग आणि सर्वांत शेवटी शार्पनिंग (कडा ठळक करणे), हा क्रम मी मोडत नाही.

शक्य असेल तेव्हा फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या माहितीसह काढावा. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात. त्यामुळे सावली उजळवताना किंवा आकाश उतरवताना रंगांचे पट्टे पडत नाहीत. डार्कटेबल आणि रॉथेरपी हे दोन्ही प्रोग्रॅम मोफत मिळतात आणि मूळ फाइलला धक्का न लावता काम करतात. जेपेगवरच काम करायचे असेल, तर आधी प्रत काढून ठेवावी, कारण ती फाइल पुन्हा पुन्हा सेव्ह केल्याने तिचा दर्जा घसरत जातो.

आता हिस्टोग्राम, म्हणजे चित्रात डावीकडे काळा ते उजवीकडे पांढरा उजेड किती आहे हे दाखवणारा आलेख पाहावा. आलेख उजव्या भिंतीला चिकटला असेल, तर एक्सपोजर (एकूण उजेड) थोडे कमी करून हायलाइट्स (उजळ भाग) खाली आणावेत आणि मग शॅडोज (सावलीचे भाग) बेताने वर न्यावेत. सावली पूर्णपणे नाहीशी केली, तर देऊळ सपाट दिसते. दुपार ही दुपारच वाटली पाहिजे. कॅमेरा वर रोखून काढलेल्या फोटोत दीपस्तंभ मागे कलल्यासारखा दिसतो. तो पर्स्पेक्टिव्ह दुरुस्तीने सरळ करता येतो, पण त्यात चित्राचे कोपरे कापले जातात, म्हणून फोटो काढतानाच चहूबाजूंनी मोकळी जागा सोडावी.

व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून, ड्रॉपर (चित्रातील रंगहीन जागा टिपून देण्याचे साधन) वापरताना गोव्यात एक काळजी घ्यावी लागते. जांभ्या चिऱ्यांच्या भिंतीजवळचा पांढरा गिलावाही उन्हात तांबूस झाक धरतो आणि तोच संदर्भ म्हणून निवडला, तर साऱ्या चित्रावर निळसर छटा चढते. त्यापेक्षा मोकळ्या उजेडातील करडा भाग निवडावा. विठ्ठलापूर-साखळीच्या त्रिपुरारी पौर्णिमेच्या फोटोंत मात्र दिव्यांचा पिवळेपणा पुरता काढून टाकू नये. वाळवंटी नदीच्या पाण्यावर पडलेला तो उजेड हाच त्या रात्रीचा रंग आहे.

सर्वांत अवघड रंग शिगम्यातील, म्हणजे गोव्याच्या होळीच्या उत्सवातील गुलालाचा. रोमटामेळातल्या (ढोल-ताशांच्या गजरात नाचत निघणाऱ्या मिरवणुकीतल्या) एका ढोलवादकाचा फोटो मी घाईने सुधारून छापून घेतला, तेव्हा गालावरचा गुलाल एकजीव लाल डागासारखा उमटला आणि त्याखालची कातडी, घाम, सुरकुत्या सारे बुजून गेले. एकूण हिस्टोग्राम ठीक दिसत होता. लाल चॅनल, म्हणजे चित्रातील फक्त लाल रंगाचा थर, मात्र टोकाला जाऊन कापला गेला होता. तेव्हापासून गुलालाच्या प्रत्येक फोटोत मी लाल चॅनलचा आलेख वेगळा पाहतो. तो कापलेला आढळला, तर एक्सपोजर उतरवावे, फक्त लाल रंगाचे सॅच्युरेशन कमी करावे आणि त्याच रंगाचा उजळपणा थोडा खाली आणावा. गुलालाचा भुरभुरीत पोत हळूहळू परत दिसू लागतो. चेहरा त्यामुळे काळवंडला, तर मास्क लावून, म्हणजे फक्त चेहरा निवडून, तेवढाच भाग उजळवावा.

गोव्यातील सत्तरी तालुक्याच्या पावसाळी हिरवाईलाही नेमका एकच रंग उतरवण्याचा हाच नियम लागू पडतो. गवत आणि भातशेतीच्या रंगात पिवळ्याचा अंश मोठा असतो, म्हणून हिरव्याऐवजी पिवळ्याचे सॅच्युरेशन थोडे उतरवल्यास शेत विषारी न दिसता ओले दिसते. डिहेझ, म्हणजे धूसरपणा काढणारी पट्टी, जपून वापरावे. धुके पुसून टाकले, तर पाऊसही जातो.

नॉइज (चित्रातले रंगीत दाणे) कमी करणे आणि शार्पनिंग ही कामे चित्र १०० टक्के मोठे करून पाहतच करावीत. इंटरनेटसाठी एसआरजीबी या बहुतेक पडद्यांवर चालणाऱ्या रंगव्यवस्थेत फाइल काढावी आणि आकार लहान केल्यानंतरच शेवटचे शार्पनिंग द्यावे. ६ बाय ४ इंचांच्या छपाईला ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून काम केले, तर छापील फोटो अपेक्षेपेक्षा काळपट येतो. तेव्हा तो मध्यम ठेवावा आणि मोठ्या छपाईआधी एक लहान प्रत काढून ती दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी धरून पाहावी.