लष्करी जमिनीवरचा वारसा सांभाळताना: या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्याचा दगडी तट सोळाव्या शतकात हुसेन निजामशहाने उभारला, 1803 साली तो इंग्रज सेनानी वेलस्लीने जिंकला, 1942 नंतर नेहरू, पटेल, आझाद तिथे स्थानबद्ध होते आणि आज तो लष्कराच्या ताब्यात आहे. नागपूरच्या सीताबर्डी किल्ल्यातही टेरिटोरियल आर्मीचे ठाणे असून सामान्य माणसाला वर्षातल्या मोजक्या राष्ट्रीय दिवशीच आत जाता येते. अशा जागांवर संवर्धनाचे काम करू पाहणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हे, की दगडाला हात लावण्याआधी जमिनीचे दप्तर वाचायला शिका.

कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत जनरल लँड रजिस्टर, म्हणजे जीएलआर, हा मूळ दस्त असतो. त्यात सर्व्हे नंबरापुढे जमिनीचा वर्ग लिहिलेला असतो: ए-1 म्हणजे प्रत्यक्ष लष्करी वापराची, बी-2 म्हणजे राज्य सरकारची, सी म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे असलेली. वास्तू राष्ट्रीय संरक्षित असेल तर 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू होतो. 2010 च्या दुरुस्तीनुसार तिच्याभोवतीचे 100 मीटर प्रतिबंधित आणि पुढचे 200 मीटर नियंत्रित असतात, आणि हे बंधन युनिटच्या स्वतःच्या नव्या बांधकामालाही चुकत नाही. मालक एक, वापरणारा दुसरा आणि वास्तूचे रक्षण करणारा तिसरा, अशी ही रचना असल्यामुळे एकाच कार्यालयाच्या होकारावर विसंबून काम सुरू करू नये.

असंरक्षित वास्तूंचा प्रश्न मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो, कारण जुने बंगले, दारूकोठारे, विहिरी आणि कबरस्ताने यांची रोजची निगा इतर इमारतींबरोबरच, त्याच मापाने राखली जाते. छावणीत स्वच्छता म्हणजे गेरू आणि चुना. ती शिस्त मनापासूनची असते, परंतु एका ठिकाणी कोरीव दगडी चौकटीवर ऑइलपेंटचे इतके थर चढले होते की वेलबुट्टी बोटांनीच चाचपावी लागत होती. याहून घातक म्हणजे सिमेंटने भरलेल्या दरजा. दख्खनच्या तटांत काळ्या दगडाच्या दर्शनी थराआड चुन्यात बसवलेली भर असते. वरून मुरलेल्या पाण्याला सिमेंटमुळे बाहेर पडायची वाट उरत नाही, भरीतला चुना सुटत जातो आणि काही पावसाळ्यांनंतर तट फुगू लागतो. पिंपळाचे रोप नुसते छाटले तर ते पुन्हा जोमाने फुटते, आणि ओढून काढले तर मुळांबरोबर दगडही निखळतात. म्हणून मूळ मारून ते वाळू द्यावे आणि मगच त्या जागी चुन्याने भर घालावी. हे सारे कामावरच्या गवंड्याला आणि एमईएसच्या, म्हणजे लष्कराची बांधकामे पाहणाऱ्या मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसच्या, अभियंत्याला तटापाशी उभे राहून दाखवावे, नुसत्या अहवालाने ते पोहोचत नाही.

अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातात. त्यामुळे प्रत्येक वास्तूची एका पानाची नोंद, तारखेसह छायाचित्रे आणि ‘हे करू नये’ अशी छोटी यादी युनिटच्या दप्तरी ठेवावी, जी नव्या अधिकाऱ्याला पहिल्याच आठवड्यात वाचता येईल. लष्कराचा ताबा ही अडचणच आहे, असे मी मानत नाही. बंद फाटकामुळे अनेक किल्ले अतिक्रमणापासून वाचले आहेत. लष्करी बांधकाम म्हणजे काढून टाकायचा थर, हा समजही सोडावा. दिल्लीच्या लाल किल्ल्यात 1857 नंतर इंग्रजांनी महालाचा मोठा भाग पाडून बराकी बांधल्या, ही हानी खरीच. तरीही 2003 च्या डिसेंबरात सैन्य बाहेर पडल्यावर त्या बराकी राखल्या गेल्या आणि आज त्यांतील काहींमध्ये संग्रहालये आहेत.

शिक्षणासाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज पुरातत्त्वाला, तर दिल्लीचे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर वास्तुसंवर्धनाला उत्तम. प्रशासनाची ओढ असेल तर यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून इंडियन डिफेन्स इस्टेट्स सर्व्हिसमध्ये जाता येते. जीएलआर सांभाळणारे हेच खाते आहे, आणि वारशाची जाण असलेली माणसे तिथे हवीच आहेत.

मोजणीला जाताना कॅमेरा आणि फोनची परवानगी लेखी घ्यावी आणि ड्रोनचा विषय स्वतंत्र पत्राने मांडावा. नकाशांच्या दोन प्रती कराव्यात: एक युनिटसाठी संपूर्ण, आणि दुसरी प्रसिद्धीसाठी, जिच्यात आजच्या वापरातील इमारती, तारांची कुंपणे आणि पहाऱ्याच्या जागा नसतील, ही दुसरी प्रतही संबंधित अधिकाऱ्याची सही घेतल्याशिवाय बाहेर नेऊ नये.