कोडला हात लावण्याआधी कंपायलरची आवृत्ती बघा

अक्कलकोट रोडवरच्या आमच्या कारखान्यात चादरीचं डिझाइन जकार्ड मागासाठी तयार करणारा प्रोग्रॅम नवं मशीन आणूनही रेंगाळायचा. दोन दिवस मी कोडमधले लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारे भाग, तपासत बसलो. दोष तिथे नव्हताच! बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्याचं काम, अजून सेंटओएस 7 या लिनक्स सिस्टिमसोबत येणाऱ्या जीसीसी 4.8.5 वर होत होतं. जीसीसी हा कंपायलर: कोडचं प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम.

कंपायलरला वेग वाढवण्यासाठीचा ओ-टू (-O2) पर्याय दिला की साधे लूप आपोआप व्हेक्टराइझ होतात, म्हणजे एका सूचनेत अनेक आकड्यांवर काम करतात, पण ते जीसीसी 12 पासून, म्हणजे 2022 पासून. त्याआधी त्यावरचा ओ-थ्री (-O3) पर्याय द्यावा लागायचा. प्रोसेसर एका दमात चार पिक्सेल हाताळू शकतो, जुना कंपायलर ओ-टूवर त्याच्या हातात एकेकच देतो. एआरएम प्रकारच्या प्रोसेसरच्या सर्व्हरवर तर आवृत्ती आणखी महत्त्वाची: त्यातल्या निओव्हर्स एन1 या प्रोसेसर कोअरची ओळख जीसीसीला नवव्या आवृत्तीत झाली.

सिस्टिम लगेच बदलता येत नसेल तर रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या टूलसेटमधला नवा जीसीसी शेजारी बसवा, जुना तसाच राहतो. आणि हे मात्र नक्की पाळा: 'मार्च-नेटिव्ह' (-march=native) पर्यायाने, म्हणजे त्याच मशीनच्या प्रोसेसरसाठी खास केलेलं बिल्ड दुसऱ्या मशीनवर पाठवू नका. तिथला प्रोसेसर जुना निघाला, तर प्रोग्रॅम 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून जागच्या जागी बंद पडतो.