लस गार आहे, पण चांगली आहे का? लस साठवताना आणि देताना या चुका टाळा

लसींच्या फ्रिजपाशी गेलो की मी आधी आत डोकावत नाही, बाहेर टांगलेली तापमानाची वही उघडतो. महिनाभर सकाळ-संध्याकाळ, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, एकाच निळ्या पेनाने ओळीने '४, ४, ४' लिहिलेलं दिसलं की समजायचं, ही वही महिनाअखेरीला एका बैठकीत भरली आहे. खरा फ्रिज असा वागत नाही. तो सकाळी ३.५ दाखवतो, दुपारी चार वेळा दार उघडलं की ६ वर जातो, रात्री परत खाली उतरतो.

अशी वही भरणारी माणसं कामचुकार असतात असंही नाही. त्यांचा हिशेब साधा असतो: फ्रिज चालू आहे, कुपी हाताला गार लागते, म्हणजे लस चांगलीच असणार. पुढच्या बऱ्याच चुका याच समजुतीच्या पोटातून निघतात.

उष्णतेची धास्ती, गोठण्याकडे काणाडोळा

नेहमीच्या वापरातल्या बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात. पारा ८ च्या वर गेला की सगळ्यांची धावपळ होते. २ च्या खाली गेला तर मात्र 'बरं झालं, जास्त गार राहिली' म्हणून कोणी लक्ष देत नाही. हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस), डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), टीडी (धनुर्वात, घटसर्प), न्यूमोकोकल (न्यूमोनियाच्या जंतूवरची), एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी) या लसींचा घात इथेच होतो. त्यांत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो आणि लसीचा कामाचा भाग त्याला चिकटलेला असतो. लस गोठली की क्षाराचे कण एकत्र येऊन त्यांचे पुंजके होतात, ते वितळल्यावरही सुटत नाहीत आणि लसीची ताकद जाते. हिपॅटायटिस बी तर उणे अर्ध्या अंशाच्या आसपासच गोठते. उष्णतेचं नुकसान थोडं थोडं साचत जातं, गोठण्याचं एका रात्रीत होतं. सकाळी कुपी वितळून काही झालंच नाही अशा थाटात जागेवर उभी असते.

लस गोठते कुठे? फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकलेल्या खोक्यात, बर्फाच्या कप्प्याखाली, गार हवेच्या झरोक्यासमोर. खोके भिंतीपासून थोडे दूर ठेवा आणि हवा खेळायला मध्ये फट सोडा. दारात लस ठेवूच नका, तिथे तापमान सतत वरखाली होतं. त्यापेक्षा तिथे पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, वीज गेली तर त्या गारवा धरून ठेवतात. आणखी एक गफलत नेहमी दिसते: फ्रिजचा गारवा कमीजास्त करणाऱ्या खटक्यावरचा (थर्मोस्टॅटवरचा) आकडा म्हणजे अंश समजणं. खटका ५ वर म्हणजे आत ५ अंश नव्हे. बऱ्याच फ्रिजमध्ये आकडा वाढवला की आतलं तापमान उतरतं. सकाळच्या घाईत ७ अंश बघून कोणी खटका फिरवतो आणि रात्री दार बंद राहिलं की आत सगळं गोठतं. खटका एकाच माणसाने हलवावा, आणि तोही दोन-तीन वेळचं तापमान पाहून.

दुसरी जागा लस वाहून नेण्याच्या कॅरियरमध्ये. डीप फ्रीझरमधून काढलेल्या आइसपॅकवर पांढरं दंव असतं आणि त्याचं तापमान उणे २० च्या आसपास असतं. तो तसाच कॅरियरमध्ये घातला तर शेजारच्या कुपीचं काय होणार, हे वेगळं सांगायला नको. पॅक टेबलावर मोकळा ठेवा, दंव जाऊन त्यावर घाम येऊ द्या. मग कानाशी धरून हलवा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की तो भरायला तयार झाला. इथे घड्याळ उपयोगाचं नाही, कारण हवेच्या मानाने वेळ कमीजास्त लागतो. गोठण्याचा धोकाच नको असेल तर फ्रिजमध्ये गार केलेल्या पाण्याचे पॅक वापरता येतात, मात्र गारवा किती वेळ टिकेल ते त्या कॅरियरपुरतं आधी तपासून घ्या.

शेक टेस्ट: नाव घेणारे बरेच, नीट करणारे थोडे

लस गोठली असावी अशी शंका आली की बरेच जण कुपी उजेडात धरून हलवतात आणि 'ठीक दिसते' म्हणतात. ही शेक टेस्ट झाली नाही. टेस्टला तुलनेसाठी दुसरी कुपी लागते: तीच लस, तीच कंपनी, तोच बॅच. ती मुद्दाम रात्रभर डीप फ्रीझरमध्ये टणक गोठवायची, तिच्यावर 'वापरू नका' लिहायचं आणि मग पूर्ण वितळू द्यायची. संशयित कुपी आणि ही कुपी एका हातात धरून दहा-पंधरा सेकंद हलवा, सपाट जागेवर शेजारी शेजारी ठेवा आणि अर्ध्या तासापर्यंत बघत राहा. गोठवलेल्या कुपीत गाळ भराभर खाली बसतो. संशयित कुपीतला गाळ तितक्याच वेगाने किंवा त्याहून लवकर बसला तर ती बाद. सावकाश बसला तर वापरायला हरकत नाही.

समोर टणक गोठलेली कुपी असेल तर टेस्टची गरजच नाही, ती थेट बाद. आयपीव्हीवर, म्हणजे इंजेक्शनने द्यायच्या पोलिओ लसीवर, ही टेस्ट चालत नाही, कारण ती गोठण्याने खराब होत असली तरी तिच्यात अ‍ॅल्युमिनियमचा क्षार नसतो.

आणि हो, व्हीव्हीएमकडून, म्हणजे कुपीवरच्या उष्णतेने रंग बदलणाऱ्या खुणेकडून, गोठण्याची साक्ष मागू नका. त्या खुणेतला चौकोन फक्त उष्णतेचा हिशेब ठेवतो. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस चालते, रंग सारखा किंवा गडद झाला की टाकायची. रात्रभर गोठलेल्या कुपीवरचा चौकोन मात्र फिकाच राहतो.

तापमान चुकल्यावर

इथे माणसं दोन टोकांना जातात. एक जण घाबरून सगळा साठा फेकतो, दुसरा कोणाला न सांगता वापरत राहतो. आधी त्या कुपी पिशवीत घालून 'वापरू नका' अशी चिठ्ठी लावा आणि २ ते ८ अंशांतच वेगळ्या ठेवा. तापमान किती होतं, किती वेळ होतं, कोणत्या लसी आणि कोणते बॅच होते, ते लिहून काढा. मग लसीकरण कार्यक्रमाच्या वरिष्ठांना किंवा उत्पादकाला विचारा. या वेळी फ्रिजमधला लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणारं यंत्र, कामाला येतो. ३० दिवसांची नोंद ठेवणारे लॉगर साधारणपणे उणे ०.५ अंशाखाली तासभर किंवा ८ अंशांच्या वर १० तास गेले की इशारा देतात. तो इशारा सोमवारी सकाळी बटण दाबून घालवला आणि कोणी काही लिहिलं नाही, तर लॉगर असून नसल्यासारखा.

डायल्युएंट म्हणजे 'नुसतं पाणी' नव्हे

डायल्युएंट म्हणजे लसीची कोरडी भुकटी विरघळवायला तिच्यासोबत येणारा द्रव. त्याच्या जागी भलतंच काही मिसळण्याच्या चुकीबद्दल मी जरा जास्त बोलतो, कारण तिने मुलं गेली आहेत. २०१४ साली सीरियातल्या इदलिब भागात गोवराच्या लसीत डायल्युएंटऐवजी भुलीच्या वेळी वापरलं जाणारं स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं गेलं आणि १५ मुलं दगावली. २०१८ च्या जुलैत पॅसिफिक महासागरातल्या सामोआमध्ये एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीत तशाच प्रकारचं औषध गेलं, दोन बाळं गेली. तिथे लसीकरण काही काळ थांबवावं लागलं, लोकांचा विश्वास उडाला आणि २०१९ मध्ये गोवराची साथ आली. त्या साथीत ८३ जणांचा जीव गेला. दोन कुपींतल्या चुकीचा फेरा तिथवर पोचला.

म्हणून लसीच्या फ्रिजमध्ये लस आणि तिचं डायल्युएंट यांखेरीज काहीही नको. भुलीचं औषध नको, इन्सुलिन नको, डबाही नको. डायल्युएंट त्याच लसीचं, त्याच कंपनीचं हवं. वापराआधी ते एक दिवस फ्रिजमध्ये गार होऊ द्या, पण गोठवू नका, काच तडकते. मिसळण्याआधी दोन्ही लेबलं मोठ्याने वाचा. लाजायचं कारण नाही, मी अजून वाचतो.

मिसळलेली बीसीजी (क्षयरोगावरची) किंवा एमआरची (गोवर-रुबेलाची) कुपी जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमानुसार ६ तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा टाकायची. या कुपींत जंतू वाढू न देणारं द्रव्य नसतं. दुसऱ्या दिवशीसाठी ठेवलेली कुपी मुलाला टॉक्सिक शॉकपर्यंत, म्हणजे जंतूंच्या विषाने जीव धोक्यात येण्यापर्यंत, नेऊ शकते. मिसळल्याची वेळ कुपीवरच लिहा, डोक्यात ठेवू नका. पेंटा, टीडी, ओपीव्ही (तोंडावाटे द्यायची पोलिओ लस) अशा काही बहुडोसी द्रव लसी त्याच नियमांनुसार उघडल्यावर २८ दिवसांपर्यंत चालतात. मात्र कुपीला तशी मान्यता हवी, मुदत बाकी हवी, तापमान सांभाळलेलं हवं आणि व्हीव्हीएम लेबलवर असून चांगला हवा. व्हीव्हीएम टोपणावर असेल तर ती कुपी नेहमी ६ तासांच्या नियमातच बसते.

आधी कोणती कुपी काढायची

मुदत आधी संपणारी आधी, हे सगळ्यांना पाठ आहे. पण दोन कुपींपैकी एकीचा व्हीव्हीएम जास्त गडद झाला असेल तर मुदत नंतरची असली तरी तीच आधी वापरा. लेबलवर फक्त महिना आणि वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत लस चालते.

भिंतीवरचा जुना तक्ता

नवीन परिपत्रक ग्रुपवर येतं, सगळे अंगठा दाखवतात आणि भिंतीवर मात्र चार वर्षांपूर्वीचा तक्ता तसाच राहतो. एप्रिल २०१६ मध्ये जगभर तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीतून टाईप २ हा विषाणूचा प्रकार काढला गेला. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्हीच्या एका डोसचा पर्यायही मान्य केला. असे बदल होत राहतात आणि प्रत्येक देश आपला निर्णय आपल्या वेळी घेतो, म्हणून आपल्या कार्यक्रमाचं शेवटचं पत्रच खरं मानायचं. तक्त्यावर तारीख घाला, नवा लावताना जुना फाडून टाका आणि हे काम एका नावावर सोपवा. नव्या लसीची कुपी आली की डोस किती मिली, स्नायूत की त्वचेत, एकडोसी की बहुडोसी, हे पहिल्या सत्राआधी सगळ्यांनी एकत्र वाचावं.

तक्ता अपुरा वाचल्याने होणाऱ्या चुकाही बघा. डोस चुकला म्हणून मालिका पहिल्यापासून सुरू करायची नसते, राहिलेला डोस द्यायचा आणि पुढे जायचं. किमान अंतराच्या बरंच आधी दिलेला डोस मात्र मोजता येत नाही. इंजेक्शनने द्यायच्या दोन जिवंत लसी एकाच दिवशी द्या, नाहीतर मध्ये ४ आठवडे जाऊ द्या.

सर्दी, थोडा ताप, हलका जुलाब, अँटिबायोटिक चालू असणं, या कारणांवरून मुलाला परत पाठवणं हीदेखील चूकच. आई अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून येते, ती पुढच्या वेळी येईलच असं नाही. आधीच्या डोसनंतर जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस झालं असेल तर मात्र ती लस द्यायची नाही. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांना आणि गरोदर बाईला जिवंत लसी टाळायच्या.

अ‍ॅड्रेनलिनची कुपी अशा अ‍ॅलर्जीवर लगेच द्यायला ट्रेमध्ये असते, पण तिची मुदत शेवटची कधी पाहिली होती ते सहसा कोणाला सांगता येत नाही. ती पाहण्याचा वार ठरवा. डोस १:१००० चा, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, किलोमागे ०.०१ मिली आणि जास्तीत जास्त ०.५ मिली. हे ट्रेवर चिकटवून ठेवा, कारण त्या क्षणी भागाकार करायला कोणालाच सुचत नाही.